बाटली लपवू नका, नाव वाचा

(ग्रामीण भागातल्या महिला कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा किंचित संपादित मजकूर.)

सकाळपासून आपण पोटगी, रेशन, सात-बारावर बाईचं नाव अशा विषयांवर बोलतो आहोत. जेवणानंतर विषावर बोलायचं म्हटल्यावर मघाशी मागच्या रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या. पण हा विषय मी मागून घेतला आहे. या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती आधी सांगितल्याशिवाय तुम्हाला चार गोष्टी शिकवण्याचा अधिकार मला नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले, ते आपल्या सगळ्यांना आठवतं. त्यानंतरच्या हंगामात आमच्या संघटनेनं ठरवलं की बायकांसाठी एक पत्रक काढायचं: विषबाधा झाल्यास काय करावं. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, इंग्रजी वाचता येणारी, घरी इंटरनेट असणारी. काम माझ्याकडे आलं. एका रात्रीत मी ते केलं. शोधता शोधता एक पान सापडलं. छान चित्रं, सोप्या पायऱ्या, आत्मविश्वासाची भाषा. मी ते मराठीत उतरवलं. त्यात एक वाक्य होतं: विष पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवावी.

पत्रकं वाटली, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवली. आठवड्याभरानं एका प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी मला बोलावून घेतलं. पत्रक समोर ठेवलं आणि विचारलं, "ताई, हे कुणी सांगितलं तुम्हाला?" मग त्यांनी समजावलं. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला उलटी करवली तर ती श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसात उतरते. अ‍ॅसिड पोटात गेलं असेल तर वर येताना ते अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतं. रॉकेल किंवा रॉकेलमध्ये कालवलेलं कीटकनाशक असेल तर ते फुप्फुसात जाण्याचा धोका आणखी मोठा. मीठ फार झालं तर तेही घातकच. शिवाय या सगळ्यात वेळ जातो तो वेगळाच.

आम्ही गावोगाव फिरून पत्रकं परत गोळा केली. सगळी मिळाली नाहीत. आजही एखाद्या घराच्या भिंतीवर ते असेल, या विचारानं मला अस्वस्थ वाटतं. नंतर मी ते मूळ पान पुन्हा उघडून पाहिलं. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, तारीख नव्हती, बाजूला शक्तिवर्धक गोळ्यांची जाहिरात होती. त्या पानावर कुणाचंच नाव नव्हतं, पण आमच्या पत्रकावर संघटनेचं नाव होतं. बायकांनी विश्वास ठेवला तो त्या नावावर.

म्हणून आज हे सगळं बोलायचं आहे.

आपण विषाला औषध म्हणतो

सुरुवात आपल्या भाषेपासूनच करू. आपल्याकडे कीटकनाशकाला कुणी विष म्हणत नाही. पऱ्हाटीवर 'औषध मारतात'. कृषी केंद्रातून 'औषध आणतात'. आणि एखाद्या घरातून निरोप येतो, 'तिनं औषध घेतलं', तेव्हा क्षणभर कळत नाही की बाई दवाखान्यात गेली की मरणाच्या दारात. एकाच शब्दात बरं करणारी गोष्ट आणि मारणारी गोष्ट दोन्ही बसल्या आहेत. औषध म्हटलं की भीती कमी होते. मग ज्या डब्यात औषध आलं त्या डब्यात तेल भरलं जातं.

२०१३ साली बिहारमध्ये छपऱ्याजवळच्या एका गावात शाळेच्या माध्यान्ह भोजनातून २३ मुलं दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलं गेलं होतं. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी तेलाबद्दल शंका बोलून दाखवली होती, पण त्यांना तेच वापरायला सांगण्यात आलं, असं त्या वेळी बातम्यांत आलं होतं. त्या बाईंनी स्वतःही ते अन्न खाल्लं आणि त्या आजारी पडल्या. आपण माहितीबद्दल बोलतो तेव्हा ही गोष्ट विसरून चालणार नाही. माहिती बाईच्या नाकाला होती. तिचं ऐकलं गेलं नाही.

आणखी एक. 'औषध' म्हणून फोनवर शोधलं तर भलतंच सापडतं. शोधायला नाव लागतं, आणि नाव असतं बाटलीवर.

आधी बाटली

तुमच्यापैकी किती जणींनी कीटकनाशकाच्या बाटलीवरचं लेबल पूर्ण वाचलं आहे? हात वर करा. ... चार. ठीक आहे, माझाही त्या पत्रकाच्या वेळेपर्यंत वर झाला नसता.

आपल्या देशात १९६८ सालचा कीटकनाशक कायदा आहे आणि १९७१ सालचे त्याचे नियम आहेत. या नियमांनुसार लेबल हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या भाषेत छापलेलं असलं पाहिजे. बाटलीबरोबर घडीपत्रक मिळालं पाहिजे, आणि त्यात विषबाधेची लक्षणं, प्रथमोपचार आणि उतारा दिलेला असला पाहिजे. अक्षर मुंगीएवढं असतं ते सोडा, पण हा आपला हक्क आहे. दुकानदार पत्रक देत नसेल तर मागून घ्यायचं.

लेबलवर एक चौकोन तिरका उभा केलेला दिसतो. त्याच्या खालच्या त्रिकोणात रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अति विषारी, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे त्यामानानं सौम्य. लाल असेल तर वरच्या भागात कवटी आणि हाडांची खूण असते. ज्या बाईला अक्षरओळख नाही तिलाही हे शिकवता येतं. आम्ही बचत गटांत रिकाम्या लेबलांचे फोटो दाखवून शिकवतो, पंधरा मिनिटं लागतात.

पण इथे एक सावधगिरी. हा रंग फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: हे एकदम शरीरात गेलं तर किती घातक? रोज थोडं थोडं अंगावर पडलं तर दहा वर्षांनी काय होईल, पोटातल्या बाळाचं काय होईल, याबद्दल रंग काहीच बोलत नाही. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक नव्हे.

रंगाच्या जोडीला दोन नावं असतात. एक मोठ्या अक्षरातलं, बाजारातलं नाव: वाघ, बाण, वीज असलं काहीतरी. दुसरं लहान अक्षरातलं, आतल्या रसायनाचं नाव आणि त्याचं प्रमाण टक्क्यांत. आपल्याला हवं ते हे दुसरं. एकच रसायन वेगवेगळ्या कंपन्यांच्या कितीतरी नावांनी विकलं जातं. डॉक्टरला बाजारातलं नाव ठाऊक असेलच असं नाही. रसायनाचं नाव सांगितलं तर मात्र पुढचं सगळं सोपं होतं.

आमच्याच भागातली एक गोष्ट सांगते. एक बाई निंदणाला गेली. त्या वावरात आदल्या दिवशी फवारणी झालेली, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी घाम सुटला, तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, उलट्या सुरू झाल्या. जावेनं फोनवर एक व्हिडिओ पाहून तूप पाजलं. दोन तास गेले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कोणतं औषध होतं? मालक म्हणाला, "साधंच होतं." मग तिच्या शेजारणीच्या मुलाला आठवलं की धुऱ्यावर रिकामी बाटली पडली आहे. तो सायकलवर गेला, बाटलीला हात न लावता लेबलचा फोटो काढला आणि पाठवला. डॉक्टरांनी नाव वाचलं आणि नेमके उपचार सुरू केले. बाई वाचली. त्या मुलानं जे केलं ती माहिती मिळवण्याची पहिली पायरी. ती आपल्यापैकी प्रत्येकीला जमते.

हे फक्त शेतापुरतं नाही. शहरातल्या घरकामगार मैत्रिणी संडास साफ करताना 'जास्त स्वच्छ होईल' म्हणून अ‍ॅसिड आणि ब्लिचिंग एकत्र टाकतात. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत श्वास कोंडतो, फुप्फुसाला इजा होते. दोन्ही बाटल्यांवर सूचना असतात, पण मालकीण सुटं अ‍ॅसिड पाण्याच्या बाटलीत भरून देते तेव्हा सूचनाही जाते आणि नावही जातं. गोरं करणाऱ्या क्रीमचंही तसंच. ज्या डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, घटक लिहिलेले नाहीत, तिच्यात पारा असू शकतो, आणि पारा मूत्रपिंडं निकामी करतो. नाव नसलेली वस्तू वापरायची नाही, इतका साधा नियम आहे.

वेळ नसेल तेव्हा फोन, वेळ असेल तेव्हा शोध

आता इंटरनेटकडे येऊ. पहिली गोष्ट: बाई समोर तडफडत असताना इंटरनेट उघडायचं नाही. तेव्हा दोन नंबर. रुग्णवाहिकेसाठी १०८. आणि दिल्लीला एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, १९९५ सालापासून. त्याचा चोवीस तास चालणारा निःशुल्क नंबर आहे १८०० ११६ ११७. हा नंबर आत्ता फोनमध्ये साठवून घ्या, मी थांबते. ... डॉक्टरही तिथे फोन करून विचारतात, त्यामुळे आपण विचारायला संकोच नको. रुग्णाचं वय, काय झालं, किती वेळ झाला आणि लेबलवरचं नाव सांगायचं.

गाडी येईपर्यंत काय करायचं ते थोडक्यात. फवारा अंगावर पडला असेल तर वावरातून बाहेर मोकळ्या हवेत आणा, कपडे काढा, साबण-पाण्यानं अंग आणि केस धुवा. धुणारीनं स्वतःचे हात प्लास्टिकच्या पिशवीत घालावेत. डोळ्यात गेलं असेल तर स्वच्छ पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवा. उलटी करवू नका. तूप, दूध, मिठाचं पाणी, लिंबू काहीही पाजू नका. बाटली किंवा लेबलचा फोटो बरोबर न्या.

आणि 'आता बरं वाटतंय' म्हणून घरी परत आणू नका. उंदीर मारायच्या काही पेस्टच्या बाबतीत पहिले एक-दोन दिवस माणूस ठीक दिसतं आणि मग यकृत निकामी होऊ लागतं. घरी न्यायचं की नाही हे डॉक्टरनं ठरवायचं, सासऱ्यानं नव्हे.

शोध घ्यायचा तो शांतपणे, आधी. शिबिर घेण्यापूर्वी, पत्रक काढण्यापूर्वी, निवेदन लिहिण्यापूर्वी.

हे पान कुणाचं?

एखादं पान उघडलं की मी आता चार प्रश्न विचारते. हे कोण सांगतंय? त्याला यातून काही विकायचं आहे का? हे केव्हा लिहिलं? आणि हेच दुसरं कुणी, याच्यावरून न उतरवता, सांगतंय का?

विकणाऱ्याचं पान म्हणजे खोटंच असं नाही. प्रत्येक रसायनाचं एक सुरक्षा-माहितीपत्रक असतं, त्याचे सोळा भाग ठरलेले असतात, आणि ते कंपनीच तयार करते. दुसऱ्या भागात धोके, चौथ्यात प्रथमोपचार, अकराव्यात शरीरावरचे परिणाम. ते जरूर वाचा, कामाचं असतं. फक्त ते कारखान्यातल्या हातमोजे-मास्कवाल्या कामगारासाठी लिहिलेलं आहे, लेकरू पाठीशी बांधून निंदणाऱ्या बाईसाठी नाही, हे ध्यानात ठेवून वाचा.

ज्यांना काही विकायचं नाही अशा काही जागा सांगते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचं पबकेम: तिथे रसायनाचं नाव घातलं की त्याची सगळी ओळख मिळते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची रासायनिक सुरक्षा कार्डं: छोटी, कामगारांना समजावीत म्हणून केलेली. जागतिक आरोग्य संघटनेचं कीटकनाशकांचं वर्गीकरण: कोणतं किती घातक याची यादी. आणि आपल्या देशासाठी फरीदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या याद्या: काय नोंदलेलं आहे, कशावर बंदी आहे, कशाचा वापर मर्यादित आहे. यांतलं बरंच इंग्रजीत आहे. म्हणून गावातली कॉलेजात जाणारी एखादी मुलगी जोडीला घ्या. तिलाही काम मिळेल, तुम्हालाही डोळे मिळतील.

तारखेचं महत्त्व सांगते. टॉक्सनेट नावाची विषशास्त्राची मोठी माहितीपेढी होती. आम्हाला प्रशिक्षणात तिचंच नाव दिलं होतं. ती डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली आणि तिच्यातली बरीच माहिती पबकेमसारख्या ठिकाणी हलवली गेली. पण जुन्या पुस्तिकांतून तिचं नाव अजून फिरतं. मोनोक्रोटोफॉसचंही तसंच. २००५ मध्ये त्याचा भाजीपाल्यावरचा वापर बंद झाला, आणि ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश २०२३ मध्ये निघाला, तोही साठा संपवायला मुदत देऊन. त्याआधीचं पान वाचलं तर 'चालतं' असं दिसेल. जुनं पान खोटं बोलत नसतं, ते जुनं असतं.

चौथा प्रश्न सर्वांत अवघड. दहा ठिकाणी एकच वाक्य दिसलं म्हणजे दहा साक्षीदार झाले असं नाही. एकानं लिहिलं, नऊ जणांनी उतरवलं. मिठाच्या पाण्याचं वाक्य असंच फिरत माझ्यापर्यंत आलं आणि अकरावी मी झाले. आता तर फोनला तोंडी विचारलं की यंत्र लगेच उत्तर रचून देतं, मराठीतसुद्धा. भाषा गोड असते, शंका कुठेच नसते. त्यालाही हेच चार प्रश्न. उत्तर कुठून आलं ते दाखवत नसेल तर पत्रकात छापायचं नाही.

कधी कधी दोन भरवशाची ठिकाणंही वेगळं सांगतात. ग्लायफोसेट हे तणनाशक घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये ते 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातलं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं मात्र तसा संभव नसल्याचं म्हटलं. मग खरं कुणाचं? दोघांचे प्रश्न बरेचसे वेगळे होते. एक विचारते, या पदार्थात तो दुर्गुण आहे का? दुसरी विचारते, नेहमीच्या वापरात तेवढा धोका उरतो का? आणि 'नेहमीचा वापर' म्हणजे कुणाचा? हातमोज्यांशिवाय, गळक्या पंपानं, भर उन्हातला? हा प्रश्न आपण विचारायचा आहे.

तसंच 'नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही' असं सांगणाऱ्यांचं. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून खाऊन शाळेतली पोरं दवाखान्यात गेल्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतात. ती बी नैसर्गिकच असते.

भोपाळच्या बायकांनी विचारलेला प्रश्न

माहिती असते, पण दिली जात नाही, याचं आपल्या देशातलं सर्वांत मोठं उदाहरण भोपाळ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची ती रात्र. मिथाईल आयसोसायनेट वायू वस्त्यांवर पसरला. ओलं फडकं तोंडावर धरा, एवढी साधी गोष्टही लोकांना कुणी आधी सांगितलेली नव्हती. डॉक्टर उपचार करत होते तेही कोणत्या विषावर, याची पुरेशी माहिती नसताना.

त्यानंतर बायका सांगू लागल्या: अंगावरून जातंय, पाळीत फार रक्तस्राव होतोय, दूध आटलंय. हे वायूमुळे नाही, असं त्यांना सांगितलं जात होतं. तेव्हा, १९८५ साली, डॉ. राणी बंग आणि डॉ. मीरा सद्गोपाल तिथे गेल्या. वायू पोचलेल्या आणि न पोचलेल्या वस्त्यांतल्या बायकांना त्यांनी तपासलं, तुलना केली, आणि बायका सांगतात त्यात तथ्य आहे हे कागदावर मांडलं. डोळे आणि फुप्फुसं यांची चर्चा सगळीकडे होती. गर्भाशयाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून ती माहिती 'नव्हती'.

मी समाजकार्य शिकले म्हणून मला आणखी एका बाईचं नाव घ्यावंसं वाटतं. अ‍ॅलिस हॅमिल्टन. अमेरिकेतल्या शिकागो शहरात हल हाऊस नावाच्या वस्तीकेंद्रात ती १८९७ मध्ये राहायला गेली. ती डॉक्टर होती. शिशाच्या कारखान्यांत कामगारांना होणारी विषबाधा तिनं शोधून काढली. मालक नाही म्हणत होते. तिनं दवाखान्यांतल्या नोंदी धुंडाळल्या, कामगारांच्या घरी जाऊन विचारलं. पुढे १९१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठानं नेमलेली ती पहिली स्त्री प्राध्यापक झाली. आपण करतो ती गृहभेट, तीच तिची प्रयोगशाळा होती.

जे कुठेच लिहिलेलं नाही

यावरून माझा खरा मुद्दा येतो. कितीही चांगलं पान उघडा, त्यात आपली बाई फारशी सापडत नाही. फवारणारा पुरुष सापडतो. पण द्रावण कालवायला पाणी वाहून आणणारी, फवारणीनंतर वेचणीला जाणारी, नवऱ्याचे भिजलेले कपडे हातानं धुणारी? मघाशी सांगितलेल्या त्या बाईचं पुढे काय झालं ऐका. मदतीसाठी यादी झाली तेव्हा तिला विचारलं गेलं, "तुम्ही फवारत होता का?" ती म्हणाली, "नाही, निंदत होते." नाव यादीत आलं नाही. विष तिच्या अंगात गेलं, पण कागदावर गेलं नाही.

कागदाची ताकद यवतमाळनं दाखवली. तिथल्या पोलिसांच्या नोंदींत कोणाला कोणत्या औषधानं बाधा झाली हे नावानिशी लिहिलेलं होतं. त्या नोंदी पुढे बाहेर आल्या, आणि २०२० पासून दोन विधवा आणि वाचलेला एक शेतकरी स्वित्झर्लंडमध्ये एका बहुराष्ट्रीय कंपनीविरुद्ध दाद मागू शकले. कंपनीनं जबाबदारी नाकारली. पण 'साधंच औषध होतं' एवढंच लिहिलेलं असतं तर दारही ठोठावता आलं नसतं.

म्हणून आमच्या संघटनेनं आता एक वही ठेवली आहे. तारीख, वावर कुणाचं, बाई काय काम करत होती, लेबलवरचं नाव, फवारणीनंतर किती तासांनी गेली, काय त्रास झाला, गरोदर किंवा अंगावर पाजणारी होती का. साधी शंभरपानी वही. पण जी माहिती नेटवर नाही, ती तयार करायची जागा हीच आहे.

प्रश्नामागचा प्रश्न

शेवटचा मुद्दा जपून मांडते.

विषाची माहिती विचारणारी प्रत्येक बाई शेतातल्या कामासाठीच विचारते असं नाही. एखादी पोर, एखादी सासुरवाशीण सहज विचारल्यासारखं विचारते, ताई, त्यातलं कोणतं जास्त कडक असतं? तेव्हा माहिती द्यायची नाही. तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून तिच्याजवळ बसायचं आणि सरळ विचारायचं: तुला जीव नकोसा झालाय का? असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात विचार शिरत नाही, असलेला बाहेर येतो. तिला एकटं सोडायचं नाही. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. घरातलं औषध कुलपात, आणि शक्यतो घराबाहेर ठेवायला लावायचं. तो क्षण टळला, की वाट निघते. आणि घरात मारहाण असेल, तर आपलं नेहमीचं काम तिथूनच सुरू होतं.

आणि जिनं घेतलंच आहे, तिच्या घरचे पहिली गोष्ट काय करतात? बाटली लपवतात. पोलिसांची भीती, अब्रूची भीती. 'जेवणातून काहीतरी झालं' असं डॉक्टरला सांगतात. इथे उपचाराचे तास जातात. तेव्हा गावात हे ठासून सांगा: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं ३०९ कलम राहिलेलं नाही. त्याआधीच २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरायला सांगितलं आहे. आणि पोलीस केस आहे म्हणून तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे.

बाटली लपवण्याचं दुसरंही कारण असतं, आपल्याला ते माहीत आहे. तिनं घेतलं की तिला पाजलं? म्हणून बाई बोलू शकत असेल तर तिचा जबाब नातेवाईक बाजूला करून घेतला जावा, असा आग्रह धरा. बाटली हा तिच्या उपचाराचा आधार आहे आणि तिच्या बाजूचा पुरावाही आहे.

मैत्रिणींनो, माझं बोलणं संपलं. उठण्यापूर्वी एवढं करूया. प्रत्येकीनं फोनमध्ये तीन नंबर घेतलेत का, शेजारणीचा फोन तपासा. परत गेल्यावर आपापल्या गटात एक लेबल वाचायचं. आणि तुमच्या भागात कुठे आमचं ते जुनं, मिठाच्या पाण्याचं पत्रक दिसलं, तर कृपा करून फाडून टाका आणि मला कळवा. मी अजून ती शोधते आहे.